तार जोडून दाखव

२००८ च्या जूनमधली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका छोट्या कंपनीत मी वेबसाइट बनवायचं काम करत होतो. एका शिक्षणसंस्थेच्या वसतिगृहाचा ऑनलाइन अर्ज मी एकट्याने लिहिला होता आणि मुदत संपायला दोन दिवस उरले होते. दुपारी बाराच्या सुमारास ऑफिसातला फोन वाजला. पलीकडचे गृहस्थ चंदगडकडचे होते. मुलीचा अर्ज भरायला सकाळच्या एसटीने गडहिंग्लजला आले होते आणि तिथल्या नेट कॅफेत बसून बोलत होते.

"साहेब, फॉर्म उघडंना झालाय. तुमचा ब्राउझर चालणार नाही म्हणतंय. इंटरनेट एक्सप्लोरर सहा वापरा म्हणतंय. आता ते कुठनं आणू?"

मी कॅफेवाल्याला फोन द्यायला सांगितलं. एक्सप्लोररमधून सारखे व्हायरस येतात म्हणून त्याने सगळ्या मशिनींवर फायरफॉक्स घातला होता आणि एक्सप्लोररचं चिन्ह गिऱ्हाइकांच्या नजरेआड केलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "सर, बाकीचं सगळं चालतंय. तुमचाच फॉर्म तेवढा अडवतोय."

त्याचं बरोबर होतं. लाल अक्षरातलं ते पान माझंच होतं. अर्ज उघडताच माझी स्क्रिप्ट ब्राउझरने स्वतःबद्दल सांगितलेलं नाव वाचायची, त्यात 'एमएसआयई ६' ही अक्षरं शोधायची आणि ती सापडली नाहीत तर माणसाला नकाराच्या पानावर पाठवायची. हे करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ऑफिसातल्या मशीनवर एक्सप्लोरर ६ होता, मी तेवढ्यावरच तपासलं होतं, आणि बाकीच्यांचं काय होईल ते ठाऊक नव्हतं म्हणून त्या सगळ्यांना दार बंद करून टाकलं होतं. खुद्द एक्सप्लोरर ७ येऊनही तेव्हा दीड वर्ष उलटलं होतं. त्यालाही माझा अर्ज आत घेत नव्हता.

मग मी फोनवरच विचारत गेलो आणि माझ्या मशीनवर अर्ज भरत गेलो. मुलीचं नाव, गाव, दहावीचे गुण, वडिलांचा व्यवसाय. वीसेक मिनिटं लागली. शेवटी ते म्हणाले, "झालं न्हवं साहेब? लई उपकार झाले. तीनची गाडी हाय, निघतो आम्ही." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो. माझ्या एका ओळीमुळे त्यांची खोटी झाली होती, आणि आभार मात्र तेच मानत होते. सर्व्हरच्या नोंदी उघडल्या, तर नकाराच्या पानाच्या ओळीखाली ओळी. त्या प्रत्येक ओळीमागे कुणीतरी माणूस होता, आणि त्या सगळ्यांनी काही फोन केला नव्हता.

त्या रात्री ती ओळ काढली, फायरफॉक्स उतरवून घेतला आणि अर्ज त्यात चालवून पाहिला. सगळा कोसळेल अशी धास्ती होती. प्रत्यक्षात तो दोनच ठिकाणी अडला. बटण दाबल्याची खबर मिळावी म्हणून मी 'अटॅचइव्हेंट' वापरलं होतं. ती एक्सप्लोररची स्वतःची पद्धत. फायरफॉक्सकडे त्या कामाला 'ॲडइव्हेंटलिसनर' होतं. आणि चूक दाखवणारा संदेश पानावर लिहायला मी 'इनरटेक्स्ट' वापरलं होतं, तिथे फायरफॉक्सला 'टेक्स्टकंटेंट' लागत होतं. दोन्ही ठिकाणी एकेक साधा 'जर' घातला: या वस्तूपाशी ॲडइव्हेंटलिसनर आहे? असेल तर ते वापर. नसेल तर अटॅचइव्हेंट आहे का बघ. ब्राउझर कोणता, हे कुठेच विचारावं लागलं नाही. पहाटेपर्यंत अर्ज दोन्हीकडे चालू लागला. अडवायला मी एक ओळ लिहिली होती. आत घ्यायला आठ-दहा ओळी पुरल्या.

त्या रविवारी इचलकरंजीला घरी गेलो. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून हयात घालवली होती. जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. ब्राउझर म्हणजे काय ते त्यांना कळलं नसेल, पण परगावाहून आलेला माणूस दारातूनच परत जात होता हे नेमकं कळलं. ते म्हणाले, "आमच्याकडं नवा माणूस आला की दिवाणजी त्याचं नाव, गाव लिवून घ्यायचा. ते पगाराच्या वहीसाठी. माग चालवायला नाव लागत नाही. मी त्याला तुटलेली तार द्यायचो. म्हणायचो, जोडून दाखव."

ती तार, म्हणजे मागावरचा उभा धागा, जोडणं मी लहानपणी पाहिलं होतं. तुटलेलं टोक शोधायचं, मागाच्या वहीच्या, म्हणजे तारा वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या, डोळ्यातून घ्यायचं, फणीतून ओढायचं आणि चिमटीत बारीक गाठ मारायची. गाठ जाड झाली की पुढच्या फेऱ्यात फणीत अडकून तार पुन्हा तुटते. पाच वर्षं माग चालवलाय म्हणणाऱ्याची गाठ तुटलेली मी पाहिली आहे, आणि काल गावाकडून आलेल्या पोराची टिकलेलीही.

पुढच्या काही वर्षांत मी ब्राउझर सांगतात त्या नावांच्या मागे लागलो, आणि त्यांच्यावर विसंबणं किती धोक्याचं आहे ते कळत गेलं. नेटस्केप नॅव्हिगेटरचं घरचं नाव मोझिला. त्याला फ्रेम्स दाखवता येत, म्हणून काही सर्व्हर फक्त मोझिला नाव सांगणाऱ्यालाच फ्रेम्सची पानं देऊ लागले. मग मायक्रोसॉफ्टच्या एक्सप्लोररनेही आपल्या नावाआधी मोझिला लावलं, नाहीतर त्याला चांगली पानं मिळाली नसती. फायरफॉक्सचं इंजिन गेको. गेको नाव पाहून पानं देणारे सर्व्हर निघाले, तेव्हा सफारीने आपल्या नावात 'लाइक गेको', म्हणजे गेकोसारखा, असं घातलं. २००८ च्या सप्टेंबरात क्रोम आला. त्याच्या नावात मोझिला होतं, ॲपलवेबकिट होतं, केएचटीएमएल होतं, लाइक गेको होतं, क्रोम होतं आणि शेवटी सफारीही होतं. २०१३ मध्ये एक्सप्लोरर ११ ने तर नावातून एमएसआयई ही अक्षरंच काढली आणि लाइक गेको घालून घेतलं. २००९ मध्ये ऑपेराची दहावी आवृत्ती आली, तेव्हा कित्येक स्क्रिप्टा आवृत्तीचा पहिलाच अंक वाचून तिला 'एक' समजू लागल्या. नाइलाजाने ऑपेराने नावापुढे ९.८० कायम ठेवलं आणि खरा आकडा शेवटी लिहिला. यात मी ब्राउझरांना दोष देत नाही. माझ्यासारखे लोक दारात उभे राहून नावं विचारत होते, म्हणून त्यांना दुसऱ्याची नावं घ्यावी लागली.

मग कॉलेजातलं एक चित्र आठवलं. २००० च्या आसपास मराठी वर्तमानपत्रांच्या साइट युनिकोडमध्ये नव्हत्या. प्रत्येकाचा फाँट वेगळा, आणि तो मशीनवर नसेल तर मराठी बातमीच्या जागी रोमन चिन्हांचा कचरा दिसायचा. त्यावर उपाय म्हणून पानाबरोबरच फाँट पाठवायची सोय निघाली होती. नेटस्केपला पीएफआर जातीची फाइल लागे, एक्सप्लोररला ईओटी. अशा एका पानाचा सोर्स मी तेव्हा कॅफेत उघडून पाहिला होता. त्यात दोन्ही फाइली एकाखाली एक लिहून ठेवल्या होत्या. ज्याला जी समजेल ती त्याने घ्यावी, न समजणारी सोडून द्यावी. नाव कुणी विचारत नव्हतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण त्यातलं शहाणपण तेव्हा हाती लागलं नाही.

तोवर सगळं क्षेत्रच या दिशेला वळत होतं. जेक्वेरी या जावास्क्रिप्टच्या तयार संचात ब्राउझरचं नाव सांगणारी सोय होती. २००९ च्या १.३ आवृत्तीने तिच्याऐवजी क्षमता तपासायचा सल्ला दिला आणि २०१३ च्या १.९ ने ती काढूनच टाकली. २००९ मध्येच मॉडर्नायझर आलं. ते पान उघडताच ब्राउझरला काय काय येतं ते एकेक करून तपासायचं आणि उत्तरं पानाच्या मुळाशी टाचून ठेवायचं. ते आम्ही बरीच वर्षं वापरलं.

पण 'काय येतं' हे विचारण्यातही चुकायला जागा आहे, आणि मी तिथेही चुकलो. एका जुन्या स्क्रिप्टमध्ये मी 'डॉक्युमेंट डॉट ऑल' आहे का ते तपासत होतो, आणि असेल तर हा एक्सप्लोरर असं धरून त्याची भलतीच सोय वापरत होतो. म्हणजे नाव विचारायचं थांबलं होतं, नाव ताडायचं थांबलं नव्हतं. ऑपेराकडेही डॉक्युमेंट डॉट ऑल होतं, तिथे ती स्क्रिप्ट मोडली. अशा स्क्रिप्टा जगभर इतक्या झाल्या की पुढे एचटीएमएलच्या प्रमाणकातच एक विलक्षण तरतूद झाली. डॉक्युमेंट डॉट ऑल आजही ब्राउझरमध्ये आहे, मागितलं तर कामही करतं, पण 'आहेस का?' असं विचारलं की 'नाही' सांगतं. त्यावरून मी स्वतःपुरता नियम केला. जी वस्तू वापरायची, तिच्याबद्दलच विचारायचं. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधायचा नाही.

२०१४ च्या सुमारास आणखी एक गोष्ट शिकायला मिळाली. अर्ज भरता भरता वीज गेली किंवा नेट तुटलं तर लिहिलेलं वाया जाऊ नये, म्हणून आम्ही मजकूर ब्राउझरच्या 'लोकलस्टोरेज' या साठ्यात ठेवत होतो. साठा आहे का, हे मी आधी इमानाने विचारत होतो. तरीही एका बाईंच्या आयफोनवर 'पुढे' हे बटण काही केल्या चालेना. दोन दिवस कारण सापडत नव्हतं. शेवटी कळलं की त्या सफारीच्या खाजगी खिडकीत अर्ज भरत होत्या. तिथे साठा होता, विचारलं तर 'आहे' असंच उत्तर यायचं, पण त्याची जागा शून्य ठेवलेली होती. त्यात एक अक्षर ठेवायला गेलं की चूक फेकली जायची आणि तिथून पुढची सगळी स्क्रिप्ट थांबायची.

तेव्हा आण्णांच्या बोलण्याचा दुसरा अर्धा भाग कळला. तार जोडता येते का, असं ते विचारत नव्हते. त्याला सगळेच 'येते की' म्हणतात. ते जोडून दाखवायला सांगत. मी तपासणी बदलली. आता स्क्रिप्ट साठ्यात एक छोटा शब्द ठेवते, परत वाचते, तोच आला का पाहते आणि पुसून टाकते. हे सगळं ट्राय-कॅचच्या आत, म्हणजे मध्येच काही फसलं तरी पान अडून बसत नाही. न जमल्यास मजकूर साठवायची सोय तेवढी गळते, अर्ज चालू राहतो.

या पद्धतीने केलेली एक तपासणी मला फार जवळची आहे, कारण ती आपल्या लिपीची आहे. एका दिवाळी अंकाची साइट करताना काही वाचकांना जोडाक्षरं फुटलेली दिसत होती. 'क्ष'च्या जागी क, त्याला पाय मोडल्याची खूण, आणि शेजारी सुटा ष. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे. काही जुन्या अँड्रॉइड फोनांवर तर नुसते चौकोन. इथे नाव विचारून काहीच हाती लागलं नसतं. त्या काळच्या कित्येक मशिनींवर विंडोज एक्सपी होतं. त्यात देवनागरीचा आधार आतच होता, पण सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागे आणि वर सीडीही घालावी लागे. ज्याने ते केलं त्याचं मराठी नीट, ज्याने नाही त्याचं फुटकं. दोघांचं मशीन सारखं, ब्राउझर सारखा, नावात अक्षराचाही फरक नाही.

म्हणून मी ब्राउझरलाच अक्षर काढायला लावलं. पानाच्या दृष्टीआड कोपऱ्यात 'क्ष' लिहायचा आणि त्याची रुंदी मोजायची. मग पाय मोडलेला 'क्' आणि 'ष' वेगवेगळे लिहून त्यांच्या रुंदींची बेरीज घ्यायची. अक्षरं खरोखर जोडली जात असतील तर 'क्ष' त्या बेरजेपेक्षा चांगलाच अरुंद भरतो, कारण दोघांचा मिळून एकच आकार होतो. जोडली जात नसतील तर दोन्ही आकडे सारखे येतात. चौकोन दिसत असतील तरी सारखेच, कारण सगळे चौकोन एकाच मापाचे. आकडे सारखे आले की आम्ही त्या वाचकाला पानांची चित्रं देत होतो. ती जड असत, हळू उघडत, पण कथा वाचता येई. पहिल्यांदा ते दोन आकडे वेगळे आलेले पडद्यावर पाहिले तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. नाव न विचारता, ब्राउझरकडून आपलंच एक अक्षर काढून घेऊन खात्री केली होती.

सगळ्यात मोठा धडा मात्र जिओफोनने दिला. २०१८ च्या गळीत हंगामाआधी आम्ही एका साखर कारखान्यासाठी ऊसतोडीचा कार्यक्रम दाखवणारं पान केलं. कुठल्या गटाची तोड कधी, वाहन कोणतं, वजन किती झालं, अशी माहिती. माझ्या तरुण सहकाऱ्याने काम छान केलं होतं आणि प्रत्येक नव्या सोयीआधी 'आहे का' हे तपासलंही होतं. तरी एका शेतकऱ्याच्या हातातल्या जिओफोनवर पान कोरं. बटणांचा फोन, पडदा बोटभर, आणि त्यात नुसता पांढरा चौकोन.

त्या फोनच्या कायओएसमधलं इंजिन २०१६ च्या फायरफॉक्स ४८ चं होतं. सहकाऱ्याने 'असिंक' आणि 'अवेट' वापरले होते. फायरफॉक्सला ते समजू लागले ५२ व्या आवृत्तीपासून. पण खरी अडचण वेगळी होती. ही नुसती सोय नव्हती, ते भाषेचं नवं व्याकरण होतं. ब्राउझर आधी सगळी फाइल वाचतो आणि मग चालवतो. वाचतानाच न समजणारं वाक्य लागलं की तो अख्खी फाइल बाजूला ठेवतो. आमचे सगळे 'जर' त्याच फाइलीत होते. त्यामुळे प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. ज्या भाषेत विचारत होतो तीच त्याला येत नव्हती.

उपाय सापडला तो मला त्या जुन्या फाँटच्या पानाकडे घेऊन गेला. आम्ही दोन फाइली केल्या. नव्या व्याकरणातल्या फाइलीला 'मॉड्यूल' अशी खूण केली, जुन्या साध्या व्याकरणातल्या फाइलीला 'नोमॉड्यूल'. नव्या ब्राउझरला दोन्ही खुणा समजतात. तो पहिली घेतो, दुसरी सोडतो. जुना ब्राउझर पहिली खूण ओळखत नाही म्हणून ती फाइल घेत नाही, आणि दुसरी खूण त्याच्या लेखी नसल्यासारखीच, म्हणून ती फाइल नेहमीप्रमाणे चालवतो. दोन्ही ताटं मांडलेली, ज्याला जे पचेल ते त्याने घ्यावं.

आणि त्यापुढचंही एक केलं. तोडीचं कोष्टक सर्व्हरवरच तयार करून साध्या एचटीएमएलमध्ये पाठवायला लागलो. स्क्रिप्ट चालली तर गटानुसार गाळता येतं, तारखेने लावता येतं. नाही चालली तरी तारीख वाचता येते. शेतकऱ्याला तारीख हवी होती.

नाव कधीच विचारू नये, असं मात्र मी म्हणत नाही. एखादी सोय असते, करून दाखवायला सांगितली तर दाखवतेही, पण ठरावीक आवृत्तीत ती आतून बिघडलेली असते. त्या वेळी त्या आवृत्तीपुरतं, कारण लिहून ठेवून, नाव पाहावं लागतं. पण तो शेवटचा मार्ग. २०१९ मध्ये आयपॅडचा सफारी स्वतःला मॅकिंटॉश म्हणवू लागला, तेव्हा आमच्या एका साइटचा मेन्यू आयपॅडवर बंद पडला, कारण मॅक म्हणजे माउस असं कुणीतरी धरून चाललं होतं. दुरुस्ती करताना आम्ही नवं नाव यादीत वाढवलं नाही. वर माउस फिरवता येतो का, एवढंच विचारलं. ती दुरुस्ती पुन्हा करावी लागली नाही.

आज माझ्या टेबलाच्या खणात एक जुना जिओफोन आहे. कोणताही अर्ज लोकांसाठी खुला करण्याआधी तो मी त्या फोनवर उघडतो आणि बटणं दाबत पूर्ण भरतो. मग लॅपटॉपवर जावास्क्रिप्ट बंद करून पुन्हा भरतो. नव्या मुलांना हे वेळखाऊ वाटतं. त्यांच्या कोडमध्ये नाव वाचणारी ओळ दिसली की मी विचारतो, "तुला त्याच्याकडून नेमकं कोणतं काम करून घ्यायचंय?" ते काम सांगतात, आणि बहुतेक वेळा त्या कामाची तपासणी नावाच्या ओळीपेक्षा सोपी निघते.

चंदगडकडच्या त्या गृहस्थांचा पुन्हा कधी फोन आला नाही. वसतिगृहाच्या निवडयादीचं पान त्या जुलैत मीच चढवलं होतं. ते मी आधी फायरफॉक्समध्ये उघडलं आणि त्यात त्यांच्या मुलीचं नाव शोधलं. होतं.